'मरयम', 'मरीया', 'मिर्याम' : एका नावाचे मराठीतील विभाजन

प्रस्तुत लेखाचा विषय एक स्त्रीनाम आहे. अरबीत आणि लेखी उर्दूत ते 'मरयम' आहे, घरगुती बोलण्यात 'मरियम' आहे. मराठी बायबलात ते एके ठिकाणी 'मरीया' तर दुसऱ्या ठिकाणी 'मिर्याम' होते. गोव्यात ते 'मारिया' आहे आणि इंग्रजी वळणाच्या घरांत 'मेरी'. ही सर्व एकाच नावाची रूपे आहेत, हे भाषेच्या अभ्यासकाला सांगावे लागत नाही. सर्वसामान्य मराठी वाचकाला मात्र ते कळण्याची सोय मराठीने फारशी ठेवलेली नाही, असे माझे मत आहे. आपण सारे हजेरीपट हाताळणारे शिक्षक असल्यामुळे या मताचा विचार आपण तरी करावा, एवढ्यासाठी हा लेख.

या विषयाकडे मी ग्रंथांतून वळले नाही, कागदपत्रांतून वळले. माझे आजोळ बालाघाट जिल्ह्यातील बिरसा. आजूबाजूला गोंड आणि बैगा वस्ती, शाळा हिंदी, बाजारात हिंदी, काही घरांत मराठी, आमच्यासारख्या मोजक्या घरांत उर्दू. वाघ नदी ओलांडली की महाराष्ट्राचा गोंदिया जिल्हा लागतो. माझ्या नानीचे नाव मरियमबी. तिच्या नावे असलेल्या लहानशा जमिनीच्या खसऱ्यात मात्र ती 'मरीबाई' होती. लिहिणाऱ्याच्या मनात काही वाईट असेल असे मला वाटत नाही. त्या भागात मंगली, बुधनी, सुकवारो अशी वारांवरून ठेवलेली बायकांची नावे भरपूर. त्या यादीत एक अनोळखी नाव आले आणि लिहिणाऱ्याने ते आपल्या कानाला ओळखीच्या वळणावर नेऊन बसवले. नानी गेल्यावर वारसांची नोंद करताना मामूंना स्टँपपेपरवर लिहून द्यावे लागले की, मरीबाई आणि मरियमबी ही एकच व्यक्ती होय. तो कागद मी लहानपणी पाहिला आहे. पुढे मराठी आणि उर्दू अशा दोन्ही भाषा शिकवू लागल्यावर वाटू लागले, असे प्रतिज्ञापत्र आपल्या वाङ्मयानेही कधीतरी करून द्यायला हवे होते.

प्रथम नावाच्या वंशावळीकडे पाहू. मूळ हिब्रू रूप मिर्याम. हजरत मूसा (अ.) आणि हजरत हारून (अ.) यांच्या बहिणीचे हे नाव तौरातमध्ये येते. ग्रीक भाषांतरात ते मरियाम झाले, पुढे मारिया हे रूप रूढ झाले. सुरियानी भाषेत ते मरयम होते आणि अरबीतही तेच रूप आहे. अर्थाबद्दल विद्वानांत एकमत नाही. कोणी 'कडवटपणा' सांगतात, कोणी 'बंडखोरी', कोणी ते नाव मिसरी भाषेतील 'प्रिय' या अर्थाच्या शब्दाशी जोडतात. मुलींच्या नावांच्या बाजारी पुस्तिकांत 'मरियम म्हणजे पवित्र' असे ठोकून दिलेले असते. तो शब्दाचा अर्थ नाही, ते नाव धारण करणाऱ्या स्त्रीच्या लौकिकाचे वर्णन आहे. नावाला अर्थ असलाच पाहिजे ही आपली हौस अशा पुस्तिका पुरवतात, इतकेच.

अर्थाच्या या हौसेचा एक जुना नमुना मनोरंजक आहे. बायबलचे लॅटिन भाषांतर करणारे संत जेरोम यांनी हे नाव 'मर' आणि 'यम' असे फोडले. हिब्रूत 'मर' म्हणजे थेंब आणि 'याम' म्हणजे समुद्र. म्हणून 'समुद्राचा थेंब', लॅटिनमध्ये 'स्तिल्ला मारिस'. पुढे नकला करताना 'स्तिल्ला'चे 'स्तेल्ला' झाले, थेंबाचा तारा झाला. ख्रिस्ती जगात मरीयामातेला 'समुद्रतारा' म्हणतात आणि दर्यावर्दी लोक तिला आपली रक्षक मानतात, त्यामागे नकलनविसाच्या हातची ही एका अक्षराची चूक सांगितली जाते. सगळ्याच चुका खसऱ्यातल्या चुकीसारख्या त्रासदायक नसतात!

आता मुख्य मुद्दा. लॅटिन बायबलात मूसांची बहीण आणि ईसांची माता या दोघींनाही 'मारिया' असेच म्हटले आहे. पुढे प्रॉटेस्टंट भाषांतरकारांनी जुना करार थेट हिब्रूवरून भाषांतरित केला, नवा करार ग्रीकवरून, आणि एका नावाची दोन नावे झाली. इंग्रजीत बहीण 'मिरियम' झाली, माता 'मेरी'. मराठी बायबल याच वाटेने गेले. त्यात मूसांची बहीण 'मिर्याम' आहे आणि ईसांची माता 'मरीया'. मूळ भाषांशी प्रामाणिक राहण्याचा हा एक मार्ग आहे, हे मान्य. पण शेजारच्या दोन भाषांनी काय केले ते पाहावे. हिंदी बायबलात दोघीही 'मरियम' आहेत. उर्दू बायबलात दोघीही 'मरयम' आहेत. म्हणजे माझ्या आजोळी एखादा ख्रिस्ती आणि एखादा मुसलमान हिंदीत बोलत असतील, तर त्यांच्या तोंडी एकच नाव येते. नदी ओलांडून दोघे मराठीत बोलू लागले की पहिला 'मरीया' म्हणतो, दुसरा 'मरयम' म्हणतो, आणि ऐकणाऱ्या तिसऱ्याला या दोन निराळ्या बाया वाटतात.

हा निव्वळ लेखनाचा प्रश्न असता तर मी तो उकरला नसता. त्याने वाचनात प्रत्यक्ष नुकसान होते. कुरआनच्या एकोणिसाव्या सूरहचे नावच 'मरयम' आहे; तिच्यात 98 आयती आहेत. त्या सूरहत बाळाला घेऊन आलेल्या मरयमला (अ.) तिचे लोक 'हारूनची बहीण' अशी हाक मारतात. या संबोधनाविषयी फार पूर्वीपासून विचारले गेले आहे: हारून तर मूसांच्या काळातले, मग ईसांची माता त्यांची बहीण कशी? सहीह मुस्लिममधील हदीसनुसार नजरानच्या ख्रिस्ती लोकांनी हाच प्रश्न हजरत मुगीरा बिन शोबा (रजि.) यांना केला. त्यांनी तो प्रेषितांकडे (स.) नेला. उत्तर असे मिळाले की, ते लोक आपल्या आधीच्या पैगंबरांची आणि सत्पुरुषांची नावे ठेवत असत. जुन्या मरयमची आणि हारूनची नावे पुढच्या पिढ्यांनी आपल्या मुलामुलींना दिली, हा त्याचा सरळ अर्थ. नामकरणाच्या रीतीविषयी इतके नेमके विधान धार्मिक वाङ्मयात क्वचित सापडेल.

हा प्रश्न आणि हे उत्तर मराठीत शिकवून पाहावे. मराठी बायबलात हारूनच्या बहिणीचे नाव 'मिर्याम', ईसांच्या मातेचे 'मरीया', आणि कुरआनच्या मराठी अनुवादात 'मरयम'. विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर तीन शब्द आहेत. त्याला नजरानच्या लोकांची शंकाच दिसत नाही. मग उत्तराची खुमारी कोठून कळणार? उर्दूच्या वर्गात मला या ठिकाणी एक वाक्य पुरते. मराठीच्या वर्गात फळ्यावर वंशावळ काढावी लागते. भाषांतरकारांनी जाणूनबुजून भिंत घातली असे मी म्हणत नाही. प्रत्येकाने आपापल्या मूळ ग्रंथाकडे पाहिले, शेजारच्या पुस्तकाकडे पाहिले नाही. माझा आक्षेप इतकाच आहे आणि तो दोन्ही बाजूंच्या अनुवादकांवर आहे. एक तळटीप दोघांनाही जड नव्हती.

कुरआनातील आणखी एका प्रसंगाकडे शिक्षकांचे लक्ष वेधावेसे वाटते. तिसऱ्या सूरहत, आले इम्रानमध्ये, इम्रानची पत्नी पोटातले मूल अल्लाहच्या सेवेला वाहते. तिच्या मनात मुलगा आहे. मुलगी होते. ती आपल्या पालनकर्त्याला सांगते की मला मुलगी झाली आहे, आणि त्याच ओघात म्हणते की मी हिचे नाव मरयम ठेवले आहे. चारही इंजीलांत मरीयेच्या जन्माची वा नामकरणाची कथा नाही. येथे मात्र नाव ठेवण्याची क्रिया आहे, ती आईने केली आहे, आणि अपेक्षाभंगाच्या क्षणी केली आहे. मुलगा हवा असताना मुलगी झाली म्हणून 'नकुशी' नाव ठेवण्याची रीत आपल्या महाराष्ट्रात होती. साताऱ्यात अशा मुलींची नावे बदलण्याचा जाहीर कार्यक्रम 2011 साली घ्यावा लागला. त्या पार्श्वभूमीवर हा प्रसंग वाचावा. कुरआनात नावानिशी उल्लेखिलेली मरयम (अ.) ही एकमेव स्त्री. नाव ठेवणाऱ्या आईचे स्वतःचे नाव तेथे येत नाही. परंपरा तिला हन्ना म्हणते. आणि ज्या समाजात माणूस बापाच्या नावाने ओळखला जाई, तेथे हजरत ईसा (अ.) 'इब्ने मरयम' म्हणजे मरयमचा पुत्र म्हणून ओळखले जातात.

उर्दू कवितेने या नावाचे काय केले? खरे सांगायचे तर फार काही केले नाही. गझलेत मरयम येते ती बहुधा मुलाच्या नावामागे. मसीहा हा मृतांना उठवणारा, आजाऱ्यांना बरे करणारा. म्हणून प्रेमाने आजारी झालेला शायर त्याची आठवण काढतो. गालिब यांच्या एका अतिशय प्रसिद्ध गझलेचा मतला याच संबोधनाने सुरू होतो. त्यात मरयम आई म्हणून नाही, मुलाचा पत्ता म्हणून आहे. तरी ती गझल आपल्याला एका गोष्टीसाठी उपयोगी आहे. ती ज्या बहरमध्ये आहे तेथे नावाच्या जागी दोनच दीर्घ अवयव बसतात: मर्-यम्. 'मरियम' असे तीन अवयव म्हटले की वजन बिघडते. म्हणजे बोलीत काहीही असो, उर्दूच्या छंदाने अरबी उच्चार जपला आहे.

मग मराठीत कसे लिहावे? 'मर्यम' हे उच्चाराला सर्वांत जवळचे. रफार दिल्याने आधीचा 'म' गुरू होतो आणि वजन बरोबर पडते. 'मरयम' लिहिले तरी मराठी माणूस 'करवत'प्रमाणे मधला अकार गाळून 'मर्-यम्' असेच वाचतो, म्हणून कुरआनच्या मराठी अनुवादात आढळणारे हे रूप शास्त्रशुद्ध आहे. मी बरीच वर्षे वर्गात याच रूपाचा आग्रह धरत असे.

तो आग्रह एका मुलीमुळे सैल झाला. ती बिरसा तहसिलीतून नदीपलीकडे आमच्याकडे शिकायला आलेली. हिंदी गुणपत्रिकेवर 'मरियम', कार्यालयाने टंकलेला 'मरीयम', आणि मी हजेरी घेताना वाचलेला 'मरयम'. मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच म्हणाले, 'मर, यम!' आणि वर्ग हसला. जेरोमने जेथे नाव फोडले नेमके तेथेच त्या पोरांनी फोडले होते. फक्त हिब्रूतला थेंब आणि समुद्र मराठीत मरण आणि यम झाले. शुद्ध उच्चार शिकवण्याच्या भरात मीच ते हत्यार त्यांच्या हाती दिले होते. तास संपल्यावर ती मला म्हणाली, "मॅडम, अम्मी घरी मरियम म्हणते. तुम्हीपण तेच म्हणा." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मध्ये 'रि' आला की 'मर' आणि 'यम' एकमेकांपासून सुटतात, हे तिच्या घराला माझ्याआधी कळलेले होते. मराठी मुसलमानांच्या घरांत 'मरियम', 'मरियमबी' हीच रूपे का रुळली, याचे एक कारण मला येथे दिसते. हिंदी-उर्दू बोलीचा प्रभाव हे दुसरे कारण आहेच.

नानीच्या 'मरीबाई'वरून काहींना मरीआई आठवेल. महाराष्ट्राच्या गावोगावी मरीआईची ठाणी आहेत. पटकी, महामारी यांची ही देवी, पोतराज तिचा उपासक. मरीआई, तमिळ मारीअम्मन आणि मरीयामाता यांची नावे एकत्र गुंफून सर्व देवता एकच असल्याचे सांगणारे लेखन अधूनमधून वाचनात येते. त्यामागची सदिच्छा कळते. पण 'मरी'चा संबंध मराठीत रोगराईशी आणि 'मरणे' या धातूशी आहे, हिब्रू मिर्यामशी नाही. ध्वनी जुळला म्हणजे गोत्र जुळत नाही. जी नावे खरोखर एक आहेत ती आपण वेगळी लिहितो आणि जी वेगळी आहेत ती एक मानतो, हा विरोधाभास मला खटकतो.

ख्रिस्ती मराठीची कथा याहून समृद्ध आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' 1616 साली गोव्यातील राशोल येथे छापले गेले. भाषा मराठी, छंद ओवी, लिपी मात्र रोमन. पोर्तुगीजांबरोबर आलेले 'मारिया' हे लॅटिन रूप अशा रीतीने मराठी ओवीत येऊन बसले. गोव्याच्या ख्रिस्ती घरांत ते मुलींचे अगदी नित्याचे नाव झाले. गंमत अशी की प्रार्थनेत कोंकणी माणूस मरीयेला 'सायबीण' म्हणतो. हा 'सायब' म्हणजे आपला 'साहेब', अरबी 'साहिब'. नाव रोमहून आले आणि मानाची उपाधी अरबस्तानातून. कोंकणीला त्यात काही विसंगत वाटले नाही.

मुंबईत वांद्र्याच्या टेकडीवर माउंट मेरीचे देऊळ आहे. आजची इमारत 1904 सालची. 8 सप्टेंबरनंतरच्या रविवारी तेथे जत्रा सुरू होते आणि सर्व धर्मांचे लोक मेणबत्त्या घेऊन जातात. कोळी आणि ईस्ट इंडियन लोक तिला 'मोत माउली' म्हणतात. 'मोत'मध्ये मोती आहे असे लोक मानतात. कोणाला त्यात 'माउंट'चा अपभ्रंश ऐकू येईल. काहीही असो, मेरी हे नाव तेथे पूर्ण विरघळले आहे आणि 'माउली' उरली आहे. वारकरी ज्या शब्दाने ज्ञानेश्वरांना हाक मारतो तोच हा शब्द. लिप्यंतराचे सगळे वाद या एका शब्दाने निकालात काढले, असे म्हणावेसे वाटते. पण मग त्यात नावही गेले, हेही खरे.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण याच्या उलट आहे. 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे, कुमारी मरीयेच्या नावाने चालणाऱ्या भगिनीसंघाच्या सान्निध्यात, त्यांचा बाप्तिस्मा झाला. बाप्तिस्म्याचे नाव 'मेरी रमा' होते. लहानग्या मनोरमेच्या नावातही 'मेरी' आले. पण महाराष्ट्राने या स्त्रीला 'मेरी' म्हणून कधी ओळखले नाही. त्या अखेरपर्यंत रमाबाईच राहिल्या आणि त्याच नावाने त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर केले. धर्म बदलला तरी आई-बापांनी ठेवलेले नाव टाकायचे नाही, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात सहज घडून गेलेली दिसते. नावावरून धर्म ओळखण्याची घाई करणाऱ्या आपल्या काळाने तिची नोंद घ्यायला हवी.

अन्य देशांत या नावाविषयी आदराच्या निरनिराळ्या रीती आहेत. आयर्लंडच्या भाषेत येशूच्या मातेसाठी 'मुइरे' हे रूप राखून ठेवले आणि सामान्य स्त्रियांसाठी 'मॉइरे' हे वेगळे रूप चालवले. आपल्याकडे मोगलांनी हे नाव किताबात वापरले: हुमायूनची बेगम हमीदाबानू 'मरयम-मकानी' झाली, आणि जहांगीरची माता 'मरयम-उज़-ज़मानी'. इस्लामी समाजात मात्र हे नाव झोपडीतल्या मुलीलाही तितक्याच सहजतेने दिले जाते. माझ्या नानीला किताब नव्हता, तिला फक्त नाव होते.

शाळा-महाविद्यालयांत तर ही सारी रूपे एकाच आठवड्यात भेटतात. विज्ञानाच्या पुस्तकात मेरी क्युरी येते. तिचे जन्मनाव मारिया. क्रीडावृत्तात मेरी कोम, 2012 च्या लंडन ऑलिंपिकची कांस्यपदक विजेती. गणिताच्या तासाला इराणची मरियम मिर्झाखानी, 2014 साली फील्ड्स पदक मिळवणारी पहिली स्त्री. या तिघींचे नाव एक आहे, असे सांगितल्यावर वर्गातल्या चेहऱ्यांवर जे आश्चर्य दिसते, ते मी त्या घटनेनंतर दरवर्षी मुद्दाम पाहते. 'मर, यम' पुन्हा ऐकू आलेले नाही. अर्थात माझ्या तासाला. इतरांच्या तासांविषयी मी कसे सांगणार?

महाराष्ट्र शासनाने 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय नोंदींत मुलाच्या नावानंतर आईचे नाव आणि मग वडिलांचे नाव व आडनाव लिहिण्याचा नियम केला आहे. ही मुले 2030 च्या सुमारास पहिलीत येतील. त्यांच्यापैकी कित्येकांच्या नावाला जोडून, बापाच्या नावाआधी, कोठे मरियम, कोठे मारिया, कोठे मेरी लिहिलेले असेल. एका नावातली चूक तेव्हा आईच्या दाखल्यावर आणि मुलाच्या दाखल्यावरही उतरेल, आणि ती दुरुस्त करायला राजपत्रापर्यंत दोन पिढ्यांना जावे लागेल. म्हणून प्रवेशाच्या अर्जावर नाव लिहिण्याआधी कार्यालयातील सहकाऱ्यांनी ते त्या बाईला एकदा मोठ्याने उच्चारायला सांगावे आणि लिहिलेले तिला दाखवावे. तिला मराठी वाचता येत नसेल तर वाचून दाखवावे. आमच्या महाविद्यालयात गेल्या प्रवेशाच्या वेळी आम्ही हे करून पाहिले. दर अर्जामागे अर्धा मिनिटही लागला नाही.